आत्मा कुणाला असतो आणि स्वर्ग कुणाला मिळतो? ख्रिस्ती धर्मातला जुना वाद, सोप्या भाषेत

काशीहून आणलेलं गंगाजल घेऊन एकनाथ रामेश्वराला निघतात. वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसतं. ते पाणी त्यालाच पाजून नाथ म्हणतात, माझा रामेश्वर इथेच पावला. ही गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला ‘गाढवाला आत्मा असतो का?’ हा प्रश्नच पडत नाही. मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळीकडे एकच आत्मा आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे एखादा ख्रिस्ती मित्र ‘जनावरांना आत्मा नसतो’ म्हणाला की आपण चमकतो, आणि ‘बाप्तिस्मा न घेतलेले सगळे नरकात जाणार’ असं कुठे वाचलं की डोक्यात तिडीक जाते. दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. पहिलं तर ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या सगळ्यात नामवंत पंडितालाच मान्य झालं नसतं.

ख्रिस्ती विचारात हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. आत्मा कुणाला, हा एक. स्वर्ग कुणाला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं तेच येईल असं नाही. नरकात जायलाही आत्मा लागतोच की! गेल्या दोन हजार वर्षांत दोन्ही उत्तरांच्या सीमा बऱ्याच सरकल्या आहेत. त्या कशाने सरकल्या हे शोधत गेलं तर तर्कापेक्षा शोकच जास्त सापडतो. कुणाचं बाळ गेलेलं असतं, कुणाचे आजोबा येशूचं नावही न ऐकता गेलेले असतात. कुणीतरी रडत येऊन विचारतं, ‘आमच्या माणसाचं काय झालं असेल?’ ग्रंथ त्यानंतर लिहिले जातात.

माती आणि श्वास

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो आणि माणूस जिवंत होतो. देहात बाहेरून येऊन बसलेला आणि पुढे उडून जाणारा पाहुणा असं आत्म्याचं चित्र तिथे नाही. शिवाय मूळ हिब्रूत माणसाच्या जिवंतपणासाठी जो शब्दप्रयोग आहे, तोच जलचरांसाठी आणि गुराढोरांसाठीही आहे. उपदेशकाच्या पुस्तकाचा लेखक तर सरळ विचारतो की माणसाचा प्राण वर जातो आणि पशूचा खाली मातीत जातो, हे कुणाला ठाऊक? दोघांचा श्वास एकच आणि दोघांचं मरणही एकच, असंही तो म्हणतो. धर्मग्रंथातच इतका मोकळा संशय असावा, हे मला आवडतं.

‘अमर आत्मा’ ही कल्पना ठळक झाली ती ग्रीक तत्त्वज्ञानाच्या सहवासात. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची आशा मुख्यतः पुनरुत्थानावर होती. शेवटच्या दिवशी मेलेले देहासकट उठतील, ही ती आशा. आजही चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या अंगीकारात देहाच्या पुनरुत्थानाचा उच्चार असतो. पुरण्याचा आग्रह त्यातूनच आला. कॅथलिकांना दहनाची मोकळीक मिळाली ती १९६३ मध्ये, आणि राख उधळायची नाही, घरातही ठेवायची नाही, असं व्हॅटिकनने २०१६ मध्ये पुन्हा बजावलं. देह म्हणजे जुनं वस्त्र, टाकून दिलं की झालं, असं गीतेसारखं ख्रिस्ती माणूस म्हणत नाही. देह त्याला परत हवा असतो.

आपल्या कल्पनेपासूनचे आणखी काही फरक इथेच सांगून टाकतो. ख्रिस्ती मतानुसार आत्मा अनादी नाही. प्रत्येक माणसाचा आत्मा देव नव्याने निर्माण करतो. तो देवाचा अंश नाही, देवाने घडवलेली गोष्ट आहे. पुनर्जन्म नाही. माणसाने एकदा मरायचं आणि मग न्यायाला सामोरं जायचं, असं इब्री लोकांस पत्रात लिहिलं आहे. दुसरी संधी नसल्यामुळेच ‘कोण पोहोचणार?’ या प्रश्नाला इतकी धार आहे. आपल्याकडे पुढचा जन्म असतो, त्यामुळे हिशोब पुढे ढकलता येतो.

तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेऊन याची नीट मांडणी केली. त्याच्या मते जे जे जिवंत आहे त्याला आत्मा आहेच. झाडाला वाढण्याचा, जनावराला पाहण्या-ऐकण्याचा आणि सुखदुःख जाणण्याचा, माणसाला याखेरीज विचार करण्याचा. जनावराचा आत्मा देहाशी पुरता बांधलेला, म्हणून देह गेला की तोही संपतो. विचार करणं मात्र कोणत्याही एका इंद्रियाचं काम नाही, म्हणून माणसाचा आत्मा देहावाचूनही टिकतो. तेव्हा ‘जनावरांना आत्मा नाही’ हे अक्वायनसचं मत नव्हेच. आत्मा आहे, पण तो अमर नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने जनावरांना यंत्रांच्या रांगेत नेऊन बसवलं. युरोपच्या डोक्यात जो कोरडेपणा शिरला त्याचं बरंचसं श्रेय बायबलपेक्षा त्याला जातं.

माणसं कोण?

आत्मा सगळ्या माणसांना असतो हे ठरलं, तरी माणसं कोणकोण हा वाद उरतोच. इंटरनेटवर अधूनमधून फिरणारी एक गोष्ट आहे की ५८५ साली फ्रान्समधल्या माकॉन इथे बिशपांनी ‘स्त्रीला आत्मा असतो का’ यावर मतदान घेतलं. असं काही झालं नव्हतं. तूर गावच्या ग्रेगरीने आपल्या इतिहासात एवढंच लिहिलं आहे की एका बिशपला लॅटिनमधल्या ‘मनुष्य’ या शब्दात स्त्री येते का, अशी शंका होती. इतरांनी त्याला उत्पत्तीच्या पुस्तकातला दाखला दिला आणि तो गप्प बसला. व्याकरणाच्या शंकेचं पुढच्या शतकांनी केवढं मोठं प्रकरण केलं! स्त्रियांवर चर्चने अन्याय केला नाही असं मी म्हणत नाही. त्यांचा आत्मा मात्र कुणी मतदानाला टाकला नव्हता.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची गोष्ट खरी आहे आणि जास्त कडू आहे. १५११ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या रविवारी, सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस नावाचा डोमिनिकन धर्मगुरू उभा राहिला. समोर बसले होते ते स्पॅनिश वसाहतवाले, म्हणजे मूळ रहिवाशांना खाणींत आणि शेतांत मरेस्तोवर राबवणारेच लोक. त्याने त्यांना विचारलं, ही माणसं नाहीत का? यांना विवेकी आत्मे नाहीत का? श्रोते खवळले आणि त्याने शब्द मागे घ्यावेत म्हणून मठावर चालून गेले. पुढच्या रविवारी तो पुन्हा उभा राहिला आणि तेच आणखी ठासून बोलला.

पोप तिसरा पॉल याने २ जून १५३७ च्या फतव्यात जाहीर केलं की हे लोक खरीखुरी माणसं आहेत, ख्रिस्ती श्रद्धा समजायला समर्थ आहेत, आणि ते ख्रिस्ती झाले नसले तरी त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. वाचायला छान वाटतं. पण याच्या अंमलबजावणीचा जो वेगळा आदेश होता, तो स्पेनच्या बादशहाच्या दबावाखाली पोपने पुढच्याच वर्षी रद्द केला. १५५०-५१ मध्ये वायादोलिद इथे मूळ रहिवाशांची बाजू घेणारा धर्मगुरू लास कासास आणि त्याचा विरोधक सेपुलवेदा यांच्यात मोठा वाद रंगला, तेव्हाही मूळ रहिवाशांना आत्माच नाही असं सेपुलवेदा म्हणत नव्हता. त्यांची बुद्धी कमी, म्हणून त्यांच्यावर राज्य करणं न्याय्य, असा त्याचा युक्तिवाद होता. माणसाला गुलाम करण्यासाठी त्याचा आत्मा नाकारावा लागतो, हा आपला गैरसमज आहे. आत्मा मान्य करून, बाप्तिस्मा देऊन, मग गुलाम करता येत असे. आफ्रिकेतून नेलेल्या लाखोंच्या बाबतीत तेच झालं.

झेवियर यांचं पत्र

आता दुसरा प्रश्न. इथे गोव्याशी खरंखुरं नातं आहे. फ्रान्सिस झेवियर यांचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत आहे आणि दर दहा वर्षांनी त्याच्या दर्शनाला लाखो लोक येतात, त्यांत हिंदूही असतात. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि १५४९ मध्ये जपानला गेले. परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून त्यांनी युरोपातल्या सहकाऱ्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात जपानी नवख्रिस्ती लोकांच्या शंका आहेत. पहिली शंका अशी की तुमचा देव इतका चांगला आहे तर तो आमच्या पूर्वजांना इतकी शतकं भेटला का नाही? झेवियर यांनी उत्तर दिलं की खून वाईट, चोरी वाईट, हे रानात एकट्या वाढलेल्या माणसालाही कळतं, म्हणजे देवाचा नियम तुमच्या मनात आधीपासून होताच. या उत्तराने काहींचं समाधान झालं.

दुसऱ्या शंकेचं मात्र समाधान होईना. आमचे आईवडील, आमची गेलेली मुलं आता कुठे आहेत? नरकात, असं उत्तर मिळालं. मग दानधर्म केला, प्रार्थना केल्या, तर त्यांना बाहेर काढता येईल का? झेवियर यांनी सांगितलं, नाही, त्यावर उपाय नाही. ते लोक रडत. झेवियर पुढे लिहितात की ज्यावर उपाय नाही अशा गोष्टीसाठी आपले प्रेमाचे मित्र रडताना बघून मलाही वाईट वाटतं.

पितृपक्षात पान वाढणाऱ्या आपल्या वाचकाला यातली वेदना समजावून सांगायला नको. मेलेल्यांसाठी जिवंतांनी काहीतरी करायचं असतं, ही जपान्यांची भावना आणि आपली भावना सारखीच आहे. गंमत म्हणजे कॅथलिक लोकही मृतांसाठी प्रार्थना करतात. २ नोव्हेंबरला वसईत किंवा वांद्र्यात दफनभूमीत गेलात तर कबरी धुऊन-पुसून फुलांनी, मेणबत्त्यांनी सजवलेल्या दिसतील. पण त्या प्रार्थना शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी असतात, म्हणजे ज्यांचं तारण नक्की झालं आहे पण अजून थोडी शुद्धी व्हायची आहे त्यांच्यासाठी. नरकातून परतीची वाट नाही, असं शिकवलं जाई.

झेवियर मनाने कठोर नव्हते. ते आपल्या काळाचं धर्मशास्त्र बोलत होते. आदामापासून चालत आलेलं पाप प्रत्येकात जन्मतःच असतं, ते बाप्तिस्म्याने धुतलं जातं, बाप्तिस्मा ख्रिस्तसभेत (म्हणजे चर्चमध्ये) मिळतो, म्हणून ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही, अशी ती साखळी. हे शेवटचं वाक्य मुळात तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने फुटून निघालेल्या गटांना दटावण्यासाठी वापरलं होतं. हळूहळू ते साऱ्या जगाला लावलं गेलं. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने स्पष्ट लिहिलं की परधर्मीय, ज्यू, पाखंडी आणि फुटीर लोक मरण्यापूर्वी ख्रिस्तसभेत आले नाहीत तर सार्वकालिक अग्नीत जातील.

तरीही बायबलमध्येच एक मोठी अडचण होती. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता आणि त्याने कधी एखादं सत्कृत्य केल्याचंही सांगितलेलं नाही. येशू त्याला म्हणतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. धर्मपंडितांना याचा मान राखून नियमही टिकवायचा होता. मग पाण्याच्या बाप्तिस्म्याबरोबर इच्छेचा बाप्तिस्मा आणि रक्ताचा (म्हणजे हौतात्म्याचा) बाप्तिस्माही मान्य झाले. ख्रिस्ती धर्मशास्त्राची ही पद्धतच आहे. जुना सिद्धांत खोडत नाहीत, त्याचा अर्थ रुंदावतात.

ओठांवरचं पीस

चोराला निदान बोलता आलं. जन्मतःच मेलेल्या बाळाचं काय? पाचव्या शतकात ऑगस्टीनने उत्तर दिलं ते आज वाचवत नाही. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं नरकात जातात, शिक्षा मात्र सगळ्यात सौम्य. मध्ययुगातल्या पंडितांना हे पचेना. त्यांनी ‘लिंबो’ नावाची कडेची जागा कल्पिली. तिथे यातना नाहीत, नैसर्गिक सुख आहे, पण देवाचं दर्शन नाही.

आयांना तेवढ्याने बरं वाटलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ ओबरब्युरेन नावाचं तीर्थस्थान होतं. लोक लांबून लांबून मेलेली बाळं घेऊन तिथे येत. १४८६ मध्ये कॉन्स्टान्सच्या बिशपने पोपकडे तक्रार केली, तिच्यात तिथल्या विधीचं वर्णन आहे. बायका बाळाचा देह निखाऱ्यांच्या आणि दिव्यांच्या उबेला ठेवत आणि ओठांवर एक हलकं पीस ठेवत. गरम हवेने पीस हललं की बाळाने श्वास घेतला असं म्हणायचं, घंटा वाजवायच्या, तेवढ्या क्षणात बाप्तिस्मा उरकायचा आणि मग पवित्र भूमीत पुरायचं. बिशपला ही अंधश्रद्धा वाटली, आणि ती होतीच. पण कायदा असा केल्यावर आई दुसरं काय करणार होती? १५२८ मध्ये धर्मसुधारणेच्या लाटेत बर्नच्या सत्ताधाऱ्यांनी ते ठिकाण पाडलं. १९९० च्या दशकातल्या उत्खननात तिथे सुमारे अडीचशे अर्भकांचे अवशेष सापडले. त्यांत दिवस न भरलेलेही होते.

लिंबो हा अधिकृत सिद्धांत कधीच नव्हता, पण पिढ्यान्‌पिढ्या शिकवला मात्र गेला. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात त्याचं नाव नाही. अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवावं, एवढंच आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने या एका विषयावर स्वतंत्र दस्तऐवज काढला आणि या बाळांचं तारण होईल अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं म्हटलं. ‘आशा’ हा शब्द मुद्दाम जपून वापरलेला आहे. खात्री दिलेली नाही.

जाता जाता एक गोष्ट, जी पुष्कळ ख्रिस्ती मंडळींनाही ठाऊक नसते. बाळ दगावतंय अशी वेळ आली तर कॅथलिक नियमानुसार कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, स्वतः ख्रिस्ती नसलेली नर्ससुद्धा. ख्रिस्तसभेला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू, पाणी आणि ठरलेले शब्द, एवढं असलं की पुरे.

अहमदनगरचे ह्यूम

प्रोटेस्टंटांनी शुद्धिस्थान टाकून दिलं, लिंबोही टाकून दिलं. तारण कृपेने आणि श्रद्धेने होतं, असं ते म्हणाले. त्याने काही प्रश्न सुटले आणि काही आणखी बिकट झाले. ज्याने येशूचं नावच ऐकलं नाही त्याने श्रद्धा ठेवायची कशी? कॅल्व्हिनच्या परंपरेचं म्हणणं असं की कुणाला तारायचं हे देवाने आधीच ठरवलं आहे. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर मतांगीकारात ‘निवडलेली’ अर्भकं तरतात असे शब्द आहेत. मग न निवडलेल्यांचं काय, हे आईबापांनी विचारायचं नाही. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांनी (आपल्या कोल्हापूरच्या जुन्या मिशनची ही मूळ मंडळी) १९०३ मध्ये खुलासा जोडला की बालपणी गेलेली सगळीच मुलं निवडलेली समजावीत. झालं, तीच रीत. वाक्य तसंच ठेवून अर्थ मोठा केला.

पण आपल्याला जवळचा प्रसंग आहे रॉबर्ट ह्यूम यांचा. १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेले ह्यूम अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. अहमदनगरमध्ये त्यांनी धर्मविद्यालय चालवलं आणि दुष्काळात मोठं काम केलं. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या अँडोव्हर धर्मविद्यालयातल्या प्राध्यापकांनी एक विचार मांडला होता. ज्यांच्यापर्यंत या जन्मात ख्रिस्त पोहोचलाच नाही, त्यांना न्यायाच्या दिवसापूर्वी, मृत्यूनंतर, एक संधी मिळत असेल. आधार म्हणून पेत्राच्या पहिल्या पत्रातली ओळ होती, ख्रिस्ताने तुरुंगातल्या आत्म्यांकडे जाऊन घोषणा केल्याची. १८८६ मध्ये रजेवर गेलेल्या ह्यूम यांनी अँडोव्हरच्या एका मेळाव्यात या विचाराला सहानुभूती दाखवणारं भाषण केलं. झेवियर यांना जपानमधल्या यामागुची शहरात जो प्रश्न विचारला गेला, तोच नगर जिल्ह्यातल्या गावागावांत मिशनऱ्यांपुढे येत होता. नव्याने ख्रिस्ती झालेला माणूस आजोबांबद्दल विचारणारच.

बॉस्टनच्या मिशन बोर्डात खळबळ उडाली. मेल्यावर संधी मिळणार असेल तर मिशनरी पाठवायचे कशाला, आणि वर्गणी तरी कोण देणार, असा विरोधकांचा रोख होता. ह्यूम यांना परत पाठवायचं की नाही यावरच घोळ झाला. बरीच वादावादी होऊन अखेर ते नगरला परतले आणि पुढे अनेक वर्षं तिथेच राबले. नारायण वामन टिळक बाप्तिस्म्यानंतर याच मिशनच्या वर्तुळात आले. एका मराठी जिल्ह्यातल्या माणसांच्या पितरांवरून अमेरिकेत धर्मपंडित भांडले, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींनी पेत्राच्या पत्रातली हीच ओळ चित्रांत जपली. त्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात येशू कबरीतून वर उडत नाही, तो अधोलोकात उतरलेला असतो. पायाखाली मोडलेली दारं आणि कुलपं, आणि दोन्ही हातांनी तो आदाम-हव्वेला मनगटाला धरून शवपेटीतून ओढून काढतो. शेवटी सगळेच तरतील असं मानणारेही जुने आहेत. तिसऱ्या शतकातला ओरिजेन त्यांतला मोठा. त्याच्या नावावरचं हे मत सहाव्या शतकात निषिद्ध ठरलं, तरी मधून मधून डोकं वर काढतंच. उलट टोकाला यहोवाचे साक्षीदार आहेत. त्यांच्या मते स्वर्गात जाणारे १,४४,००० च, बाकीचे सज्जन पृथ्वीवरच्या नंदनवनात. ते आणि अ‍ॅडव्हेंटिस्ट (पुण्यात औंधचं स्पायसर विद्यापीठ ज्यांचं) आत्मा देहाशिवाय जागा राहतो हेच मानत नाहीत. मेला तो पुनरुत्थानापर्यंत जणू झोपला.

३ डिसेंबर

कॅथलिक बाजूला दार किलकिलं झालं ते १८६३ मध्ये. पोप नववा पायस याने लिहिलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना खरा धर्म ठाऊकच झाला नाही आणि जे सदसद्विवेकाने जगतात, ते देवाच्या कृपेने सार्वकालिक जीवन मिळवू शकतात. १९४० च्या दशकात बॉस्टनचा फादर लेनर्ड फीनी ‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’ हे वाक्य अक्षरशः घेऊ लागला, तर रोमने १९४९ मध्ये त्याचा अर्थ चुकीचा ठरवला आणि शेवटी १९५३ मध्ये त्यालाच बहिष्कृत केलं. ‘बाहेर तारण नाही’ म्हणणाराच बाहेर!

२१ नोव्हेंबर १९६४ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे सगळं अधिकृत केलं. ज्यू, मुस्लिम, सावल्यांत अज्ञात देवाला शोधणारे, आणि देवाची स्पष्ट ओळख न झालेले पण नेकीने जगणारे, या सगळ्यांना तारणाची शक्यता आहे. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत पोप सहावा पॉल जागतिक परिषदेसाठी मुंबईत आला. ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्याने बृहदारण्यकातली ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना उद्धृत केली. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सणाचा दिवस. हे जुळवून आणलेलं होतं की योगायोग, ते असो.

तेव्हा आज ‘हिंदूला स्वर्ग मिळेल का?’ या प्रश्नावर कॅथलिक उत्तर असं आहे: मिळू शकतो, पण मिळाला तर तो ख्रिस्तामुळेच, त्याला ते ठाऊक असो वा नसो. जर्मन धर्मशास्त्रज्ञ कार्ल रानर अशा लोकांना ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हणे. यात औदार्य आहे आणि किंचित आगाऊपणाही आहे. आयुष्यभर विठ्ठलाचं नाव घेतलेल्या वारकऱ्याला ‘तू नकळत ख्रिस्तीच होतास’ म्हटलेलं रुचेल का? अर्थात आपणही बुद्धाला विष्णूचा नववा अवतार करून टाकलं, तेव्हा बौद्धांना कुठे विचारलं होतं? अनेक इव्हँजेलिकल आणि पेंटेकोस्टल मंडळी मात्र हे रुंदावणं मानत नाहीत. येशूवर जाणतेपणी विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही, असंच त्यांच्या सभांत ऐकू येईल.

नास्तिकांबद्दल १५ एप्रिल २०१८ चा रोमच्या कोर्व्हियाले या गरीब उपनगरातला प्रसंग पुरेसा आहे. पोप फ्रान्सिस यांना मुलं प्रश्न विचारत होती. एक लहान मुलगा ध्वनिक्षेपकापाशी आला आणि त्याला रडू कोसळलं. ‘ये, माझ्या कानात सांग,’ असं म्हणून पोपने त्याला जवळ घेतलं. मग त्याच्या परवानगीने सगळ्यांना सांगितलं की त्याचे बाबा नुकतेच गेले, ते देव मानत नव्हते, पण चारही मुलांचे बाप्तिस्मे त्यांनी करवून घेतले होते, चांगला माणूस होता. बाबा स्वर्गात आहेत का, असं हा विचारतोय. कोण स्वर्गात जाणार हे देव ठरवतो, एवढं आधी बोलून पोपने उलट मुलांनाच विचारलं, चांगल्या लेकराला देव टाकून देईल का? मुलं ओरडली, नाही! हेच तुझं उत्तर, असं पोप म्हणाले. इटलीतल्या काही सनातन्यांना हे उत्तर फार सैल वाटलं.

कुत्रा संत होतो तेव्हा

पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट आपल्याला पाठ असते. बाळाला सापापासून वाचवलेल्या मुंगसाच्या तोंडाला रक्त बघून घाईने त्याला मारलं जातं. हीच गोष्ट देशोदेशी फिरत फ्रान्समध्ये पोहोचली, तेव्हा मुंगसाचा शिकारी कुत्रा झाला आणि त्याचं नाव पडलं गिनफोर. लिऑन शहराजवळच्या खेडुतांनी त्याच्या समाधीला नवस सुरू केले. बाळ आजारी पडलं की संत गिनफोरकडे न्यायचं. तेराव्या शतकात बूर्बोंचा स्टीफन नावाचा धर्मगुरू तिथे पोहोचला. हा संत कुत्रा आहे हे कळल्यावर त्याने हाडं उकरून जाळली आणि आजूबाजूची झाडी तोडली. तरी पुढे कित्येक शतकं लोक तिथे जातच राहिले.

अक्वायनसच्या हिशोबात कुत्रा स्वर्गात बसत नाही. पण पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सगळी सृष्टीच नाशाच्या दास्यातून मुक्त होण्याची वाट पाहत कण्हते आहे, असं म्हटलंय. मेथडिस्टांचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७८१ च्या प्रवचनात याच ओळींवरून जनावरांनाही नव्या सृष्टीत पूर्वीपेक्षा चांगलं जीवन मिळेल, असं सांगितलं. त्यांनी सोसलेल्या हालांची काहीतरी भरपाई व्हायला नको का, हा त्याचा मुद्दा. डिसेंबर २०१४ मध्ये ‘पाळीव प्राणी स्वर्गात जातात असं पोप फ्रान्सिस म्हणाले’ ही बातमी जगभर झाली. न्यूयॉर्क टाइम्सने ती पहिल्या पानावर छापली आणि मग दुरुस्ती केली, कारण ते वाक्य फ्रान्सिस यांचं नव्हतंच. मात्र २०१५ च्या पर्यावरणावरील परिपत्रकात त्यांनी खरोखर लिहिलं की सार्वकालिक जीवनात प्रत्येक जीव तेजाने उजळून आपापल्या जागी असेल. आत्मा अमर आहे की नाही या वादात ते पडलेच नाहीत. पुनरुत्थानाच्या बाजूने आत शिरले.

आणि पोटातलं बाळ

शेवटचा तुकडा सगळ्यात अवघड आहे. गर्भात आत्मा कधी येतो? अ‍ॅरिस्टॉटलच्या मागे जाऊन अक्वायनसने मुलग्यासाठी चाळीस दिवस आणि मुलीसाठी नव्वद दिवस सांगितले. हे आज कुणी उघडपणे म्हणत नाही. चर्च गर्भधारणेच्या क्षणापासून भ्रूणाला माणूस मानून वागवायला सांगतं, पण आत्मा नेमका त्याच क्षणी येतो असं तत्त्वज्ञानाच्या पातळीवर ठामपणे जाहीर करणं त्याने टाळलं आहे. १९८७ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात तसं स्पष्ट लिहिलंय. कारण समजण्यासारखं आहे. गर्भधारणेनंतर साधारण दोन आठवड्यांपर्यंत एका भ्रूणाची दोन जुळी होऊ शकतात. पहिल्या दिवशी एक आत्मा आला असेल तर दुसरा कधी आला?

प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेल्या भ्रूणांनी हा प्रश्न कागदावरून नळकांड्यांत आणला. जोडप्यांना मूल झालं, उरलेले भ्रूण तसेच पडून राहिले. २००८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्याबद्दल मत दिलं. संशोधनासाठी वापरायचे नाहीत. दुसऱ्या निपुत्रिक जोडप्याच्या उपचारासाठी द्यायचे नाहीत. दत्तक म्हणून पोटात वाढवण्याच्या कल्पनेचा हेतू चांगला असला तरी तीही अडचणीची. आणि मग अशा दस्तऐवजात सहसा न सापडणारं वाक्य आलं: हजारोंच्या संख्येने सोडून दिलेले हे भ्रूण म्हणजे सोडवता न येणारी अन्यायाची परिस्थिती आहे.